निळ्या-पांढऱ्या चिनी फुलदाण्या : संग्रह आणि पारख

प्रस्तावना

समजा, घरातल्या लग्नाच्या खरेदीसाठी तुम्ही मामाबरोबर रायपूरच्या गोल बाजारात गेला आहात. दाट गल्ल्यांतून फिरताना एका दुकानाच्या मागच्या फळीवर, धुळीत, हातभर उंचीची निळी-पांढरी फुलदाणी दिसते. उलटी करून पाहिली तर बुडाला सहा चिनी अक्षरे. दुकानदार सांगतो, "मिंग के ज़माने का है भैया, राजा के घर से निकला है." किंमत पंचवीस हजार. मामाच्या खिशात तेवढे पैसे आहेत. तो तुमच्याकडे वळून विचारतो, "तू इतिहास घेतलायस ना? मग सांग, घेऊ का?"

या पाठात आपण मामाच्या या प्रश्नाचे उत्तर कसे शोधायचे ते पाहणार आहोत. बहुतेक नवखे लोक बुडाची अक्षरे आधी वाचायला जातात. आपण ती सर्वांत शेवटी वाचू, आणि असे का, हेच या पाठात समजून घ्यायचे आहे. प्रसंग काल्पनिक आहे; पुढची माहिती मात्र नाही.

१. ही वस्तू बनते कशी

पारख करायची तर आधी घडण माहीत हवी. चिनी पोर्सलिनचे सर्वांत मोठे केंद्र म्हणजे जिआंगशी प्रांतातील जिंगदेजन हे शहर. तिथे दोन पदार्थ एकत्र करतात : काओलिन ही पांढरी माती आणि कुटून पूड केलेला एक विशिष्ट दगड. काओलिन हे नाव जिंगदेजनजवळच्या गावलिंग या टेकडीवरून पडले आहे. या मिश्रणाची वस्तू घडवून वाळवतात. मग कोबाल्टची पूड पाण्यात घोटून तिच्यावर कुंचल्याने चित्र काढतात, वरून पारदर्शक झिलई देतात आणि सुमारे १३०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजतात. रंगवताना कोबाल्ट काळपट, राखाडी दिसतो. निळाई भट्टीतून बाहेर आल्यावरच दिसते. कोरडी कच्ची माती रंग तत्काळ शोषून घेते, त्यामुळे चुकलेली रेघ पुसता येत नाही. चांगल्या चित्रकाराच्या रेघेत जो ठामपणा दिसतो, त्याचे एक कारण हे आहे.

इतक्या उष्णतेत माती आणि दगड अंशतः वितळून एकजीव होतात. म्हणून पोर्सलिन पाणी शोषत नाही, टिचकी मारल्यास खणखणते, आणि पातळ असेल तर त्यातून उजेड दिसतो. निळे चित्र झिलईच्या खाली असते, त्यामुळे ते घासून जात नाही.

आता आपल्याकडच्या निळ्या वस्तूंशी तुलना करा. जयपूरच्या ब्लू पॉटरीत मुळात मातीचा भाग अगदी थोडा. गारगोटीच्या दगडाची पूड, काचेची पूड, मुलतानी माती आणि डिंक यांचा लगदा करून ती वस्तू खूपच कमी तापमानाला भाजतात. हॉलंडमधल्या डेल्फ्टची जुनी निळी-पांढरी भांडी चिनी मालाची नक्कल म्हणून निघाली, पण आत पिवळसर साधी माती आणि वर कथिलाची अपारदर्शक पांढरी झिलई, असा तो प्रकार आहे. दोन्ही आपापल्या जागी सुंदर आहेत, पण पोर्सलिन नाहीत. फरक पाहायला संग्रहालयात जायलाही नको. घरातला फुटलेला कप, चिनी मातीच्या बरणीचा टवका आणि साधी पणती घ्या आणि तिन्हींच्या तुटलेल्या कडेवर पाण्याचा एकेक थेंब टाका. कोणती कड पाणी पिते आणि कोणती नाही हे एकदा पाहिले की पुढचे वर्णन सोपे जाईल.

२. 'चिनी' भारतात

या मालाची भारताशी ओळख जुनी आहे. दिल्लीत फिरोजशाह तुघलकाच्या राजवाड्याच्या आवारात १९६१ मध्ये चौदाव्या शतकातील चिनी पोर्सलिनच्या तुकड्यांचा साठा सापडला. त्यात युआन राजवटीतील उत्तम निळी-पांढरी ताटे होती. दख्खनमध्ये तर 'चिनी' हा शब्दच चकचकीत झिलईला चिकटला. दौलताबादच्या किल्ल्यातील चिनी महाल, जिथे गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह कैदेत होता, त्याचे नाव भिंतींवरच्या निळ्या-पांढऱ्या झिलईदार फरश्यांवरून पडले. त्या फरश्या चीनमधून आलेल्या असण्याची गरज नव्हती. आजही आपण लोणच्याच्या बरणीला चिनी मातीची म्हणतो, ती भारतात बनलेली असली तरी. तेव्हा जुन्या यादीत किंवा घरच्या बोलण्यात 'चिनी' शब्द आला म्हणजे वस्तू चीनची, असे धरून चालू नये.

खरा चिनी माल मोठ्या प्रमाणावर मुंबईत आला तो अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील कँटनच्या व्यापारातून. जमशेटजी जीजीभॉय (१७८३–१८५९) यांच्यासारखे पारशी व्यापारी इथून कापूस आणि अफू तिकडे पाठवीत. परतीच्या जहाजांत रेशीम, चहा आणि पोर्सलिन असे. त्या मालातला बराचसा भाग परदेशी गिऱ्हाइकासाठीच बनवलेला होता, हे ध्यानात ठेवावे. पुढच्या पिढ्यांतील काहींनी वापराच्या भांड्यांपलीकडे जाऊन जाणीवपूर्वक संग्रह केला. सर रतन टाटा (१८७१–१९१८) आणि सर दोराबजी टाटा या बंधूंचे संग्रह आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात आहेत, आणि तिथली चिनी वस्तूंची दालने प्रामुख्याने त्यांच्यामुळे उभी राहिली. हा विषय ज्यांना खरेच शिकायचा आहे, त्यांनी पुस्तकांआधी तिथे एक पूर्ण दिवस काढावा. मोबाइलवरच्या छायाचित्रात निळ्या रंगाची खोली कधीच नीट उतरत नाही.

३. मुंबईत जन्मलेला संग्राहक आणि १३५१ ची जोडी

निळ्या-पांढऱ्या पोर्सलिनच्या अभ्यासाचा पाया ज्या दोन फुलदाण्यांवर उभा आहे, त्यांना जगभर 'डेव्हिड फुलदाण्या' म्हणतात. हे डेव्हिड म्हणजे सर पर्सिव्हल डेव्हिड. त्यांचा जन्म १८९२ मध्ये मुंबईत, बगदादी ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे वडील सर ससून डेव्हिड १९०६ मध्ये स्थापन झालेल्या बँक ऑफ इंडियाच्या संस्थापकांपैकी एक. पर्सिव्हल १९२० च्या दशकात चीनला गेले, चिनी भाषा शिकले आणि पुढच्या काही दशकांत त्यांनी सुमारे १७०० वस्तूंचा संग्रह उभा केला. तो त्यांनी लंडन विद्यापीठाच्या हवाली केला. २००९ पासून तो ब्रिटिश म्युझियममध्ये मांडलेला आहे, आणि २०२४ मध्ये विश्वस्तांनी तो म्युझियमला कायमचा देण्याचे जाहीर केले.

या दोन फुलदाण्या त्यांना एकत्र मिळाल्या नाहीत. एक माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन नावाच्या संग्राहकाकडून आली (मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन नव्हेत, ते १८५९ मध्येच वारले होते), आणि दुसरी वेगळ्या मालकाकडून. दोन्ही साधारण ६३ सेंटिमीटर उंच, मानेला हत्तीच्या तोंडाचे कान, अंगावर ढगांतून जाणारा ड्रॅगन. मानेवर निळ्या अक्षरांत मजकूर आहे : जांग वनजिन नावाच्या भक्ताने घरादाराच्या रक्षणासाठी आणि शांतीसाठी एक धूपपात्र व फुलदाण्यांची जोडी देवळाला अर्पण केली. साल दिले आहे, ते आपल्या गणनेने १३५१. ते धूपपात्र आजवर मिळालेले नाही.

१९२९ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या आर. एल. हॉब्सन यांनी या लेखाविषयी लिहिले, तेव्हा अभ्यासकांनी फारसे मनावर घेतले नाही. इतके पक्व निळे काम मिंग राजवटीच्या आधीचे असू शकते, हे त्यांच्या चौकटीत बसत नव्हते. पारडे फिरले ते १९५० च्या दशकात. जॉन अलेक्झांडर पोप या अमेरिकन अभ्यासकाने इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातील आणि इराणच्या अर्देबिल येथील दर्ग्यातील चिनी भांडी एकेक करून तपासली आणि या जोडीवरच्या लाटा, कमळाच्या पाकळ्या, वेलबुट्ट्या त्यांच्याशी जुळवून दाखवल्या. त्यातून चौदाव्या शतकातील निळ्या कामाचा एक पूर्ण गट उभा राहिला.

यातला मुद्दा नीट पाहा. इथे लेख होता, सविस्तर होता आणि खरा होता. तरी एकट्या लेखाच्या जोरावर काळ सिद्ध झाला नाही. वस्तूचे बाकी अंग त्या लेखाशी जुळते हे दिसले, तेव्हा झाला. मग बाजारातल्या फुलदाणीच्या बुडावरच्या सहा अक्षरांना आपण याहून जास्त मान का द्यावा?

जाता जाता एक गंमत. डेव्हिड यांनी १३८८ च्या एका चिनी ग्रंथाचे भाषांतर केले, ते त्यांच्या मृत्यूनंतर १९७१ मध्ये छापले गेले. जुन्या वस्तूंतले खरे-खोटे कसे ओळखावे, हाच त्या ग्रंथाचा विषय. म्हणजे सहाशे वर्षांपूर्वीही नकलांचा धंदा जोरात होता. आणि त्याच ग्रंथात निळ्या-पांढऱ्या भांड्यांना अगदी हलक्या रुचीची म्हणून मोडीत काढले आहे!

४. फुलदाणी हातात घेतल्यावर

पहिले म्हणजे ती कशी धरावी. बोटातल्या अंगठ्या काढा, खाली जाड कापड अंथरा, एक हात बुडाखाली आणि एक अंगाला. मानेला किंवा कानांना धरून उचलायची नाही. जुनी दुरुस्ती असली तर नेमकी तिथेच असते.

मग आत पाहा. मोठी फुलदाणी चाकावर एका दमात उभी राहत नाही. खालचा भाग, वरचा भाग आणि मान वेगवेगळी करून ओल्या मातीने जोडतात. जोड बाहेरून घासून सपाट करतात, आत मात्र सहसा कोणी लक्ष देत नाही. म्हणून आतून बोट फिरवले, किंवा तोंड अरुंद असेल तर टॉर्च मारली, की आडवा उंचवटा जाणवतो. आजचा स्वस्त माल पातळ माती साच्यात ओतून काढतात. त्याचे आतले अंग गुळगुळीत आणि बाहेरच्या आकाराशी तंतोतंत जुळणारे असते. केवळ जोड दिसला म्हणून वस्तू जुनी ठरत नाही, कारण जिंगदेजनमध्ये आजही जुन्या पद्धतीने काम होते. पण साच्याची घडण दिसली तर मिंगचा प्रश्न तिथेच मिटतो.

त्यानंतर बूड. भट्टीत वस्तू चिकटू नये म्हणून बुडाच्या कडेवर झिलई ठेवत नाहीत, त्यामुळे उघडे पोर्सलिन पाहण्याची हीच जागा. माती बारीक आहे की रवाळ, कड धारदार आहे की बोटाला गोल लागते, झिलई संपते तिथे फिकट नारिंगी रेघ आहे का, हे पाहावे. छिंग काळातील उत्तम वस्तूंची कड गोलसर आणि गुळगुळीत घासलेली असते. नकली मालात हा जुनेपणा वरून लावलेला असतो : चहाचे पाणी, बुटाचे पॉलिश, तपकिरी रंग. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहा. शंभर वर्षांचा मळ एका फडक्याने निघत नाही.

झिलईवरचे ओरखडेही वाचता आले पाहिजेत. खरी झीज वापराच्या जागी असते, म्हणजे कडा, उंचवटे, बूड. आणि ओरखडे सर्व दिशांना, कमी-जास्त खोलीचे असतात. कागदाने घासलेली झीज एका दिशेला जाते आणि जिथे कधी हात लागणार नाही अशा खाचेतही पोचते. यासाठी दहापट मोठे दाखवणारे घड्याळजीचे भिंग पुरते. त्याच भिंगाने निळ्या रेघा बघा. सगळा रंग बारीक ठिपक्यांच्या जाळीचा दिसला तर ते छापील चित्र आहे, कुंचल्याचे नव्हे.

आता रंग. पंधराव्या शतकाच्या आरंभीच्या उत्तम वस्तूंवर पश्चिम आशियातून आणलेला कोबाल्ट वापरत. त्यात लोहाचे प्रमाण जास्त असल्याने रंग जाड पडला तिथे काळपट ठिपके उमटत, जणू शाई झिलईत बुडाली आहे. पुढे हे ठिपके श्वांदे काळाची (१४२६–१४३५) ओळख मानले गेले. अठराव्या शतकात योंगझेंग आणि च्येनलोंग या सम्राटांच्या काळी कारागिरांनी तो परिणाम मुद्दाम साधला, कुंचल्याच्या टोकाने एकेक ठिपका देऊन. भिंगाखाली ते ठिपके शिस्तीत बसलेले दिसतात. गंमत अशी की, या 'नकला' स्वतःच आता सव्वादोनशे ते तीनशे वर्षांच्या आणि अत्यंत मोलाच्या आहेत. जुन्याची नक्कल म्हणजे फसवणूक, असे सरसकट म्हणता येत नाही. पूर्वजांविषयीचा आदर म्हणूनही ती होत असे.

दुरुस्तीसाठी टिचकीचा आवाज ऐका : तडा गेलेली वस्तू बद्द वाजते. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली नवा रंग आणि डिंक वेगळे चमकतात. बुडाला भोक असेल तर कधीकाळी तिचा विजेचा दिवा केलेला असणार. युरोपात अशा कितीतरी चांगल्या फुलदाण्यांचे बूड विजेच्या तारेसाठी पोखरले गेले.

५. आणि आता ती अक्षरे

सहा अक्षरांचा शिक्का दोन उभ्या ओळींत, उजवीकडून डावीकडे वाचतात. अर्थ साधारण असा : 'महान मिंग, अमुक सम्राटाच्या काळात घडवले.' वाचायला पंधरा मिनिटांत शिकता येते. अडचण विश्वास ठेवण्याची आहे.

१६७७ मध्ये, कांगशी सम्राटाच्या काळात, जिंगदेजनच्या अधिकाऱ्याने भांड्यांवर सम्राटाचे नाव घालायला बंदी केली. भांडे फुटले की नावाचा अवमान होतो, हे कारण. मग कारागिरांनी बुडावर नुसते दुहेरी वर्तुळ काढले, एखादे पान काढले, किंवा दोनशे वर्षांपूर्वीच्या चेंगह्वा या मिंग सम्राटाचे (कारकीर्द १४६५–१४८७) नाव लिहिले. म्हणून चेंगह्वाचा शिक्का असलेली अस्सल कांगशीकालीन फुलदाणी ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. उलट कांगशीचा चार अक्षरी शिक्का एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मालावर सर्रास आढळतो. शिक्का एका काळाचा, वस्तू दुसऱ्या काळाची, आणि तरी फसवणूक कोणाचीच नाही!

सर्वांत उपयोगी शिक्का खरे तर सर्वांत साधा आहे. १८९१ पासून अमेरिकेच्या आयात कायद्याने परदेशी मालावर मूळ देशाचे नाव इंग्रजीत घालणे सक्तीचे झाले. तेव्हा बुडावर इंग्रजीत 'चायना' असेल तर वस्तू सहसा त्यानंतरची. मात्र इंग्रजी अक्षरे नाहीत म्हणून ती आधीची, असा उलटा निष्कर्ष काढू नये. नकला करणाऱ्यांनाही हा नियम ठाऊक आहे.

तज्ज्ञही चुकतात, किंवा निदान आपसांत भांडतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये फ्रान्समधील ओझना या लिलावगृहात ५४ सेंटिमीटर उंचीची, ड्रॅगन व ढगांची निळी-पांढरी फुलदाणी आली. तज्ज्ञाने ती विसाव्या शतकातली ठरवून अंदाज दिला दीड ते दोन हजार युरो. बोली गेली ७७ लाख युरोवर. बोली लावणाऱ्यांनी ती अठराव्या शतकातली मानली होती. तज्ज्ञ आपल्या मतावर ठाम राहिला आणि त्याची नोकरी गेली. कोण बरोबर होते हे किंमत सांगत नाही. लोकांना काय वाटले एवढेच ती सांगते.

६. कायदा आणि कागद

पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, १९७२ हा कायदा ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे. किमान शंभर वर्षे जुनी कलाकृती किंवा कारागिरीची वस्तू त्यात 'पुरावशेष' ठरू शकते. ती भारतातच बनलेली असावी अशी अट त्या व्याख्येत नाही. वस्तू पुरावशेष आहे की नाही, असा प्रश्न उभा राहिल्यास निर्णय भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी देतो. पुरावशेषांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाहीत. चीनच्या बाजूनेही दार बंद आहे : २००७ पासून १९११ पूर्वीच्या वस्तू तिथून बाहेर नेण्यास मनाई आहे. 'परवाच चीनहून आणलेली मिंग फुलदाणी' म्हणजे एक तर खोटी किंवा बेकायदा.

म्हणून अनुभवी संग्राहक वस्तूइतकेच तिच्याबरोबर आलेल्या कागदांकडे पाहतो. आजोबांच्या दिवाणखान्याच्या १९४० च्या छायाचित्रात कोपऱ्यात तीच फुलदाणी दिसते, जुन्या लिलावाची पावती आहे, वाटणीच्या यादीत नोंद आहे, अशा गोष्टी बुडावरच्या शिक्क्यापेक्षा जड असतात. तुमच्या घरी अशी वस्तू असेल तर ती विकण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला ती कुठून आली हे विचारा आणि उत्तर तारखेसह लिहून ठेवा. हे काम दरवर्षी कठीण होत जाते, कारण माहिती असलेली माणसे कमी होत जातात.

आणखी एक सूचना. चौलसारख्या कोकणातील जुन्या बंदरांच्या जागी चिनी खापऱ्या मिळालेल्या आहेत. फिरायला गेल्यावर दिसली म्हणून उचलून खिशात घालू नका. ती कोणत्या थरात, कशाच्या शेजारी पडली होती, यातच तिची अर्धी माहिती असते. ती घरी आणली की उरते फक्त निळी रेघ.

मामाचे उत्तर

परत गोल बाजारात येऊ. शिक्क्याकडे न पाहता मामाने काय करावे? टॉर्च घेऊन आत पाहावे, ओले फडके बुडावरून फिरवावे. मग दुकानदाराला दोनच गोष्टी विचाराव्यात : पावतीवर 'मिंग काळातील, चारशे वर्षे जुनी' असे लिहून देणार का, आणि इतकी जुनी वस्तू विकायचा परवाना दाखवणार का? आपल्या गोष्टीत आतले अंग गुळगुळीत निघते, फडके तपकिरी होते आणि दुकानदार म्हणतो, "अरे भैया, लिखा-पढ़ी में क्या रखा है." भाव पंचवीस हजारांवरून दोन हजारांवर येतो. मामा दीड हजार देतो, तिच्यात निशिगंधाच्या काड्या छान दिसतील म्हणून. माझ्या मते सौदा वाईट नाही.